दुरुस्तीसाठी जुनी गाडी घ्यायची का? आधी पत्रा बघा, मग इंजिन

जुनी गाडी बघायला गेलेला नवखा माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. इंजिन चालू होतं का, आवाज कसा आहे, धूर किती येतो, यावरच त्याचं मत ठरतं. खरं तर या सगळ्या कामात इंजिन हा त्यातल्या त्यात सोपा भाग. ते गाडीतून उतरवता येतं, टेबलावर उघडता येतं, बोअर करून, रिंगा आणि बेअरिंगं बदलून पुन्हा चढवता येतं. ते काम किती आणि त्याला काय लागेल, हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. सडलेल्या पत्र्याचं तसं नाही. गंज किती आत गेलाय हे पत्रा कापेपर्यंत कळत नाही आणि अर्धवट सोडून दिलेल्या गाड्यांपैकी बहुतेक याच टप्प्यावर अडलेल्या असतात. म्हणून या लेखात गाडी तपासायचा क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवला आहे.

पायरी 1: गाडी बघण्याआधी स्वतःचा हिशेब

पूर्ण गाडी सुटी करून, पत्राकाम, रंग, इंजिन, वायरिंग आणि आतली सजावट नव्याने करायला हजार तासांच्या पुढे काम जातं. आठवड्याला सहा तास आणि वर्षाचे 45 आठवडे धरले, तर वर्षाला 270 तास होतात. म्हणजे हजार तासांना पावणेचार वर्षं लागतील, तीही मध्ये काहीही न अडता. हा आकडा घरच्यांसमोर मोकळेपणाने मांडा. एवढा वेळ नसेल तर चालू स्थितीतली, थोडंफार काम असलेली गाडी बघा. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट शिकायला ती जास्त बरी, कारण केलेल्या प्रत्येक कामाचं फळ चालवताना लगेच दिसतं.

जागेचा अंदाज तर जवळपास सगळ्यांचाच चुकतो. चार मीटर लांबीची गाडी सुटी केली की दारं, बॉनेट, डिकीचं झाकण, सीट, काचा, इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून गाडीइतकीच आणखी जागा व्यापतात. किमान 6 मीटर बाय 3.5 मीटरची, छत असलेली, कोरडी, कुलूप लागणारी जागा हवी आणि भिंतीला लागून रॅक हवेत. उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी तर दुरुस्तीच्या काळातच बिघडते, कारण ताडपत्रीच्या आत दमट हवा कोंडते आणि उघडा पडलेला पत्रा काही दिवसांत तांबूस होऊ लागतो.

पायरी 2: कोणतं मॉडेल

ज्या मॉडेलचे सुटे भाग आजही तयार होतात, वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट कॅटलॉग मिळतो आणि त्याच मॉडेलवर काम करणारे लोक भेटतात, ते पहिल्या गाडीसाठी योग्य. फोक्सवॅगन बीटल 2003 पर्यंत बनत होती आणि एकूण 2 कोटी 10 लाखांहून जास्त बनल्या. मूळची मिनी 1959 ते 2000 या काळात 50 लाखांहून अधिक बनली. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा तर अख्खा नवा सांगाडा 1988 पासून मिळू लागला. अशा गाड्यांचं दाराखालचं पॅनेलही तयार मिळतं. दुर्मिळ मॉडेलची गाडी कमी किमतीत मिळते, कारण तिचा टेललाइटचा लेन्स किंवा पुढची वक्र काच शोधण्यात वर्ष जाऊ शकतं.

गाडी बघायला जाण्याआधी त्या मॉडेलच्या पंधरा-वीस भागांची यादी करा आणि ते मिळतात का, कितीला मिळतात, ते लिहून काढा: पुढची काच, दारांची रबर बीडिंग, ब्रेक मास्टर सिलिंडर, हेड गास्केट, पिस्टन सेट, दाराखालचं पॅनेल, फ्लोअर, हेडलाइटच्या कडा, बंपर. या यादीत चार-पाच भाग 'मिळत नाही' निघाले, तर दुसरं मॉडेल बघा.

पायरी 3: सोबत काय न्यायचं

प्रखर टॉर्च, गुडघ्याखाली घालायला जुनं कापड, लवचीक कमजोर लोहचुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर, लहान आरसा, जॅक आणि दोन जॅक स्टँड, स्पार्क प्लगचा पाना, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं), मल्टिमीटर, चार्ज केलेली बॅटरी, स्वच्छ डब्यात दोन-तीन लिटर ताजं पेट्रोल. मिळालं तर रंगाची जाडी मोजणारं यंत्र.

गाडी भर दिवसा आणि कोरडी असताना बघा. ओल्या पत्र्यावर फिकट रंग, लाटा आणि पुट्टी यातलं काही दिसत नाही. मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका, आणि गेल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावून ते गार असल्याची खात्री करा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक निसटायला क्षण पुरतो. स्टँड लावून, गाडी हाताने हलवून बघूनच खाली शिरा.

पायरी 4: पत्रा आणि गंज

गंज बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. गाडीच्या सांगाड्यात जागोजाग पोकळ पेट्या असतात. त्यांच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साठतं. शिवाय दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेल्या सांध्यात पाणी शोषलं जातं आणि तिथून वाळत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून सांधा फुगतो आणि रंगाला फोड येतो. बाहेर नखाएवढा फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा तळहाताएवढा गेलेला असू शकतो. वरवरचा तांबूस थर ही मात्र चिंतेची गोष्ट नाही, तो घासून, प्रायमर लावून थांबतो. तुम्हाला शोधायचा आहे तो पत्रा पातळ करणारा किंवा भोक पाडणारा गंज.

अनेक जुन्या गाड्यांना वेगळी चॅसिस, म्हणजे खालची स्वतंत्र चौकट, नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो. अशा गाडीत पुढच्या जागा याच क्रमाने बघा:

दाराखालची पेटी, म्हणजे सिल, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत.
जॅक लावायच्या जागा.
सस्पेन्शन आणि स्प्रिंग जिथे सांगाड्याला बसतात त्या जागा.
फ्लोअर, विशेषतः पायाखालचा आणि सीटच्या बोल्टजवळचा.
दाराच्या बिजागऱ्या बसतात त्या खांबाचा तळ.
पुढच्या काचेची खालची कड आणि तिच्यापुढची हवा घेणारी जाळी.
बॅटरीखालचा ट्रे.
स्टेपनीचा खड्डा.

यातल्या पहिल्या तीन जागा गेल्या असतील तर ते नवख्याचं काम नाही. मडगार्डची कड किंवा दाराचा तळ गेला असेल तर ते दिसायला वाईट, पण सांगाड्याच्या बळाशी त्याचा संबंध नाही. नवखे लोक नेमकं उलट करतात. मडगार्ड बघून घाबरतात आणि सिलकडे वाकून बघतही नाहीत.

तपासताना गालिचा उचला. तो ओला असेल तर पाणी कुठून आलं ते शोधा: काचेच्या रबरातून, दाराच्या बीडिंगमधून, की हीटरमधून. हीटरचं असेल तर कूलंटचा गोडसर वास येतो आणि बोटांना चिकट लागतं. खाली आडवे होऊन स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सिल आणि फ्लोअर ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला भद्द वाजतो. भद्द आवाज आला तिथे मालकाला विचारून टोकाने दाबून बघा. पत्रा दबला किंवा खपली निघाली की उत्तर मिळालं. खालून ताजा काळा डांबरी लेप फासलेला दिसला तर दुप्पट सावध व्हा. निरोगी पत्र्यावर विकायच्या आठवड्यात कुणी सहसा लेप लावत नाही आणि त्याच्याखालचा गंज ओलावा धरून पुढे चालूच राहतो.

लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. पुट्टी जाड असेल तिथे तो धरत नाही. ताकदवान चुंबक नेऊ नका, तो काही मिलिमीटर पुट्टीवरूनही ओढला जातो आणि तुमची फसगत होते. काही जुन्या गाड्यांत कारखान्यातच सांध्यांवर शिसं भरत, तिथेही चुंबक कमी धरतो. म्हणून डाव्या बाजूची तीच जागा उजव्या बाजूशी ताडून बघा. ॲल्युमिनियम आणि फायबरच्या पॅनेलवर ही चाचणी अर्थातच चालत नाही. जाडी मोजणाऱ्या यंत्रावर कारखान्याचा रंग साधारण 80 ते 160 मायक्रॉन दाखवतो. 300 च्या आसपास म्हणजे पुन्हा रंग दिलाय, 1000 च्या पुढे म्हणजे खाली पुट्टी आहे.

आता दारं. बंद दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. दार उघडून त्याचं टोक वर उचला. खडखडलं तर बिजागरीची पिन झिजलीय, ती बदलता येते. बिजागरीसकट खांबच हलला तर खांबाचा तळ सडलाय. मग गाडी पुढच्या जॅक पॉइंटवर उचलून दार पुन्हा उघड-बंद करा. उचलल्यावर दार अडकायला लागलं किंवा फट डोळ्यांना बदललेली दिसली, तर सांगाडा मधोमध वाकतोय. उघड्या टपाच्या गाड्यांत हा धोका सर्वांत मोठा, कारण छत नसल्यामुळे सगळा भार सिलवर असतो. अशा गाडीचं सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या वेल्ड करून आधार द्यावा लागतो. तो न देता सिल कापलं की गाडी मधून बसते आणि नंतर नवी दारंही त्या चौकटीत बसत नाहीत.

पायरी 5: हरवलेले भाग

मोडका भाग निदान नमुना म्हणून हातात असतो. त्यावरून दुसरा ओळखता येतो, बनवून घेता येतो, दुरुस्त करता येतो. हरवलेल्या भागाचं तुम्हाला नावही ठाऊक नसतं. म्हणून आधीच्या मालकाने सुटी करून खोक्यांत भरून ठेवलेली गाडी आमच्या मते पहिल्या कामासाठी टाळावी, किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी. ती खोलताना तुम्ही नव्हतात, त्यामुळे कोणता बोल्ट कुठला, वायर कशी गेली होती, वॉशर किती होते, हे सगळं शोधून काढावं लागेल.

तरीही अशीच गाडी घ्यायची असेल तर पार्ट कॅटलॉगची चित्रं छापून न्या आणि एकेका भागावर खूण करत जा. मालक 'सगळं आहे' म्हणतो ते बहुतेक प्रामाणिकपणे म्हणतो, त्याने मोजलेलं नसतं एवढंच. मोठे भाग असतातच. नसतात ते काच वर-खाली करायचे दांडे, क्रोमच्या पट्ट्या, त्यांच्या क्लिपा, वायपरची यंत्रणा, डॅशबोर्डचे स्विच, इंजिनभोवतीचे ब्रॅकेट. क्रोम केलेले हँडल आणि चिन्हं अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. त्यांच्यावर बारीक खड्डे पडले असतील तर पुन्हा क्रोम करणं पोलादी बंपरपेक्षा खूप अवघड जातं, कारण प्रत्येक खड्डा साफ करून, तांब्याने भरून, घासून मगच निकेल आणि क्रोम चढतं.

पायरी 6: इंजिन

बंद पडलेल्या गाडीबद्दल पहिला प्रश्न: ती बंद कशी पडली? नुसती उभी राहून इंजिन जाम झालं असेल, तर उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून दमट हवा शिरून पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाने धरल्या असण्याचा संभव जास्त. ते बहुधा सुटतं. चालता चालता मोठा आवाज करून थांबलं असेल तर बेअरिंग वितळलेलं किंवा कनेक्टिंग रॉड तुटलेला असू शकतो, आणि तिथे क्रँकचाच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचाच, खर्च धरावा.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट स्टार्टर मारू नका आणि मालकालाही मारू देऊ नका. आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, काढा. ऑइल दुधाळ तपकिरी असेल तर त्यात पाणी मिसळलंय. फक्त ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोणी दिसलं तर ते कमी चालवलेल्या गाडीतल्या वाफेचंही असू शकतं, तेवढ्यावरून निकाल देऊ नका. कॅमशाफ्टला रबरी टायमिंग बेल्ट असेल आणि तो किती जुना ते माहीत नसेल, तर इंजिन फिरवणं तिथेच थांबवा. तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

चेन किंवा गिअरचं इंजिन असेल तर सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण 5 मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिनाच्या फिरण्याच्याच दिशेने हळू फिरवा. पूर्ण दोन फेऱ्या न अडता झाल्या पाहिजेत. अडलं तर लांब पाइप लावून जोर करू नका. जाम इंजिन सोडवायला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये 20 ते 30 मिलिलिटर घालतात आणि काही दिवस मुरू देतात. हे मिश्रण लगेच पेटतं, ठिणगीपासून दूर ठेवा. बघायला गेल्या दिवशी हे होणार नाही, त्यामुळे जाम इंजिनची किंमत 'संपूर्ण उघडावं लागणार' असं धरूनच बोला.

इंजिन फिरतंय तर प्लग न लावता स्टार्टरने फिरवून ऑइलचं प्रेशर येतं का बघा. मग कॉम्प्रेशन मोजा: सगळे प्लग बाहेर, इग्निशन कॉइलची जोडणी काढलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब. 8:1 ते 9:1 कॉम्प्रेशन गुणोत्तराच्या पेट्रोल इंजिनात 120 ते 160 पीएसआय (दाबाचं एकक) हा निरोगी पट्टा. आकड्याइतकाच महत्त्वाचा त्यांच्यातला फरक. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यात 15 टक्क्यांहून जास्त अंतर नको. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात पुन्हा 5 मिलिलिटर ऑइल घालून मोजा. आकडा उडी मारून वर गेला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतोय. शेजारशेजारचे दोन्ही सारखेच कमी असतील तर त्यांच्या मधली हेड गास्केट गेलीय. पहिल्या फेरीआधी घातलेलं ऑइल आकडे फुगवतं, म्हणून आधी प्लग काढलेल्या स्थितीत इंजिन थोडं फिरवून ते उडवून टाका, आणि तरी चांगला आकडा थोडा कमी समजा.

चालू करताना गाडीच्या टाकीतलं पेट्रोल वापरू नका. पेट्रोल काही महिन्यांतच बिघडू लागतं, वर्षांनी त्याचा वॉर्निशसारखा चिकट थर होतो आणि टाकीतला गंज कार्ब्युरेटरमध्ये जातो. तुमच्या डब्यातून नळी जोडा. सुरू झाल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. फक्त सुरुवातीला आला तर व्हॉल्व्ह सील, वेग घेताना आला तर रिंगा. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट. टिकटिक वरून येत असेल तर बहुधा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), खालून खोल ठोके येत असतील तर बेअरिंग. गरम इंजिनात मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे साधारण 10 पीएसआय ऑइल प्रेशर पुरेसं मानतात.

पायरी 7: उरलेलं झटपट

ब्रेक कितीही चांगले सांगितले तरी मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होस आणि ऑइल नवं धरून चाला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि सिलिंडर आतून गंजतात. जुना होस बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगून चाक सोडत नाही. टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी फक्त ढकलण्यापुरता. तीनच अंक असतील तर तो 2000 च्या आधीचा.

चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ असेल तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हलवा, खेळ असेल तर टाय रॉड किंवा स्टिअरिंग. गाडी चालत असेल तर दुसऱ्या गिअरला कुरकुर आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर निसटणं तपासा. वायरिंगमध्ये टेप गुंडाळलेले सांधे आणि उंदरांनी कुरतडलेलं इन्सुलेशन दिसलं तर पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरचा अख्खा जुडगा, नवा धरा, तुकड्यातुकड्याने जोडत बसू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ हवा मारून उडवू नका.

पायरी 8: कागद

नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, कर्ज बाकी आहे का, नोंदणी रद्द झालेली आहे का, आणि असेल तर ती पुन्हा जिवंत करता येते का, हे पैसे देण्याआधी नोंदणी कार्यालयातून माहीत करून घ्या. 17 अक्षरांचा चॅसिस क्रमांक 1981 च्या सुमारास रूढ झाला, त्याआधीचे क्रमांक लहान असतात. पाटीवरचा, पत्र्यावर ठोकलेला आणि कागदावरचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. ठोकलेल्या अंकांभोवती घासल्याच्या खुणा किंवा ताजा वेल्ड दिसला तर गाडी तिथेच सोडा. इंजिन बदललेलं असणं गुन्हा नाही, पण कागदावर त्याची नोंद हवी.

पायरी 9: आकडे मांडा, मग बोला

घरी येऊन एका कागदावर लिहा: खरेदी, वाहतूक, पत्राकाम, रंग, इंजिन, ब्रेक-सस्पेन्शन, वायरिंग, काचा-रबर, सीट, क्रोम, आणि तुमच्याकडे नसलेली हत्यारं. बेरजेत आणखी एक तृतीयांश घाला, पत्रा वाईट असेल तर निम्मे. शेजारी त्याच मॉडेलची पूर्ण झालेली चांगली गाडी कितीला मिळते तो आकडा लिहा. बहुतेक वेळा तुमची बेरीज मोठी निघेल. मजुरी तुम्ही स्वतः करणार म्हणून ती शून्य धरली असली तरीही. फक्त गाडी हवी असेल तर पूर्ण झालेलीच घ्या. हाताने काम करायचा आनंद हवा असेल तर तो फरक म्हणजे त्या आनंदाची किंमत, आणि ती किती हे तरी आधी माहीत असावं.

हा कागद पुढे भाव करतानाही कामाला येतो. 'गंजलीय, कमी करा' म्हणण्यापेक्षा 'दोन्ही सिल, डावा फ्लोअर, तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन 70' असं दाखवलं की मालकालाही ते पटतं.

पायरी 10: घरी आणताना

सौदा झाला तरी गाडी चालवत आणू नका, सपाट ट्रेलरवर आणा. ती हलवण्याआधी हँडब्रेक आणि चारही चाकं मोकळी आहेत का बघा. अडकलेलं चाक ओढत नेलं तर धड असलेला ब्रेक ड्रमही जातो. ट्रेलरवर चढवल्यावर पट्टे बंपरला न बांधता ॲक्सलला किंवा चाकांना बांधा. आणि पहिला बोल्ट सोडण्याआधी बाहेरून, आतून, खालून, बॉनेटखालून मिळून किमान दोनशे फोटो काढा. विशेषतः वायर, होस आणि क्लिपा कुठून कुठे जातात त्यांचे. प्रत्येक सुट्या भागाला स्वतंत्र पिशवी, पिशवीवर न पुसणाऱ्या शाईने भागाचं नाव, बाजू आणि तारीख.